कंबरेत उसण भरली तर काय करायचं? पहिल्या मिनिटापासून परत कामाला लागेपर्यंत

पाण्याचा हंडा उचलताना, सिलेंडर सरकवताना नाहीतर नुसता खाली पडलेला चमचा घ्यायला वाकलं आणि कंबरेत कचकन चमक आली, की माणूस तिथेच अर्धा वाकलेला राहतो, धड सरळही होता येत नाही आणि बसताही येत नाही. कोणी याला उसण भरली म्हणतं, कोणी लचक, कोणी कंबर धरली म्हणतं. ज्याला होतं त्याला वाटतं मणका गेला, आता आयुष्यभर अंथरुणाला खिळलो. तसं नसतं हो. बहुतेक वेळा स्नायू नाहीतर लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा, ताणलेलं असतं, कधी मणक्यांमधली गादी दुखावलेली असते, आणि बहुतेकांना ४ ते ६ आठवड्यांत बराच आराम पडतो. पण या मधल्या दिवसांतच घरोघरी इतके उलटसुलट सल्ले मिळतात की साधं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. चमक आली त्या क्षणी

जोर लावून सरळ व्हायला जाऊ नका आणि कोणाला ओढू-ताणू देऊ नका. दुखावलेल्या जागेला आणखी धक्का बसू नये म्हणून आजूबाजूच्या स्नायूंनी तिथे घट्ट आवळून धरलेलं असतं, त्यांच्याशी झटापट केली की ते अजून आवळतात. भिंत नाहीतर ओटा धरा, सावकाश खाली या, चटईवर पातळ गादी टाकून पाठीवर पडा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर नाहीतर पलंगाच्या कडेवर ठेवा, म्हणजे मांड्या उभ्या आणि पोटऱ्या आडव्या राहतील. हे जमत नसेल तर कुशीवर वळून दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. मग पोट फुगेल असा संथ श्वास, दहा-पंधरा मिनिटं. बहुतेकांचा पहिला जोर यानेच ओसरतो.

हे झालं घरातल्या लचकेचं. माणूस झाडावरून, शिडीवरून पडला असेल (कोकणात नारळ काढताना हे होतंच) किंवा गाडीचा अपघात झाला असेल तर हे काहीही करायचं नाही. त्याला उठवून बसवू नका, दोघांनी हातापायाला धरून रिक्षात घालू नका, आहे तसं पडू द्या, मान आणि पाठ हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. मणका मोडलेला असेल तर चुकीच्या उचलण्याने मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे जाऊ शकतात.

२. धोक्याच्या खुणा आधी तपासा

घरातल्या सगळ्यांनी हा भाग वाचून ठेवा. सायकलच्या सीटवर बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, लघवीला लागूनही होत नाही किंवा नकळत होतेय, संडासवरचा ताबा सुटलाय, दोन्ही पायांतलं बळ जातंय, यातलं एक जरी असलं तरी त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला जा, सकाळची वाट बघू नका. कंबरेच्या खालच्या नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि तो वेळेत मोकळा केला नाही तर नुकसान कायमचं राहतं. चालताना चप्पल पायातून निसटतेय, पंजा वर उचलता येत नाही, ही खूणही साधी नाही, एकाच पायाला असली तरी लगेच दाखवा.

बाकी काही गोष्टींसाठी एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचा. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री घाम फुटतो आणि पाठ दुखते, तर मणक्याचा टीबीही असू शकतो, तो आपल्याकडे अजूनही बराच दिसतो आणि औषधाने बरा होतो, पण आधी ओळखायला हवा. पूर्वी कॅन्सर झालेल्यांनी आणि बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांनी अंगावर काढू नये. आणि वयस्कर बायका, हाडं ठिसूळ झालेली असली की एसटीच्या मागच्या सीटवर एक जोरात आदळा बसला तरी मणका दबतो, आणि घरचे म्हणत राहतात की वयोमानाने दुखतंय.

३. पहिले दोन दिवस

यातलं काही नसेल तर आता आराम, पण बेताने. पूर्वी डॉक्टरच पंधरा-पंधरा दिवस पडून राहायला सांगायचे. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात काहींना २ दिवस आणि काहींना ७ दिवस झोपून राहायला सांगितलं होतं, तर २ दिवसवाले लवकर कामावर गेले आणि बरं होण्यात दोघांत काही फरक नव्हता. तेव्हापासून जगभर सल्ला बदलला, आपल्या घरांत मात्र "अजिबात हलू नकोस" हेच चालू आहे. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने ढिले पडतात, आणि कंबर तर त्यांच्याच जोरावर उभी असते.

उठायची रीत मात्र शिकून घ्या, निम्म्या कळा चुकीच्या उठण्यानेच येतात. पाठीवरून थेट उठून बसायचं नाही. दोन्ही गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, मध्ये पीळ पडू देऊ नका. मग पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर रेटून बसते व्हा. थोडं थांबा, मग दोन्ही हात मांड्यांवर टेकून उभं राहा. पहिल्या दिवशी यालाच दोन-तीन मिनिटं लागतील, लागू द्या.

तासा-दीड तासाने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारा. उकिडवं बसायचा संडास असेल तर हे काही दिवस कमोड नाहीतर कमोडची खुर्ची बघा, वैद्यकीय वस्तूंच्या दुकानात मिळते. पोट साफ राहील असं खा, पाणी प्या, कारण कुंथलं की कळ थेट कंबरेत जाते, आणि दुखण्याच्या काही जोरदार गोळ्यांनी बद्धकोष्ठही होतं. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं तर भिंतीला हात टेका आणि पुढे न वाकता शिंका.

शेक घ्या, जरूर घ्या. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर गरम केलेली मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, जे घरात असेल ते, मध्ये टॉवेल ठेवून पंधरा-वीस मिनिटं. डायबेटिस असलेल्यांची कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही, त्यांचा शेक दुसऱ्याने हाताला लावून बघावा. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणून दहा-दहा दिवस खाऊ नका. बीपी, किडनी, अल्सर, रक्त पातळ करायची गोळी यातलं काही असेल किंवा गरोदर असाल तर विचारल्याशिवाय एकही नको. गावोगाव पुड्या देणारे असतात, दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो, पण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

आता पायाळू माणसाची लाथ. उसण भरली की पायाने जन्मलेल्या माणसाकडून कंबरेला लाथ लावून घ्यायची ही आपल्याकडची जुनी समजूत, शेजारची आजी मायेने सांगते आणि नाही म्हणवत नाही. नुसता पाय लावला तर इजा नाही, पण खरंच लाथ मारली, किंवा कोणी पाठीवर उभं राहून कटकट आवाज काढला, तर दुखावलेली गादी नसेवर जाऊ शकते. आजीला प्रेमाने सांगा की डॉक्टर नको म्हणालेत.

४. तिसऱ्या दिवसापासून हालचाल वाढवा

सगळ्यात मोठं औषध चालणं. सपाट रस्त्यावर, बूट घालून, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पण दिवसातून तीन-चार वेळा, आणि जमेल तसं वाढवत न्यायचं. थोडं ठणकलं तर घाबरू नका, ठणकणं म्हणजे काही मोडतंय असं नाही. मोजमाप साधं आहे, चालल्यावर वाढलेलं दुखणं तासाभरात पूर्वीसारखं झालं तर ठीक, दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर थोडं कमी करा. सायटिका असेल, म्हणजे नितंबापासून पायात कळ जात असेल, तर कळ किती आहे यापेक्षा ती कुठपर्यंत जाते ते बघा. पोटरीतली कळ वर सरकून नुसत्या कंबरेत आली तर कंबर जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे, आणि कळ खाली पावलाकडे सरकायला लागली तर त्या वेळी जे करताय ते थांबवा.

आवळलेले स्नायू सुटले की व्यायाम. आधी मार्जारासन, हात आणि गुडघे टेकून ओणवं होऊन पाठ हळूहळू वर-खाली, दुखेल तिथे थांबायचं. मग सेतुबंधासन अर्धंच, पाठीवर पडून, गुडघे दुमडून कंबर जमिनीपासून थोडी उचलायची. तिसरा, परत हात आणि गुडघे टेकून ओणवं होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा, आठ-दहा सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची, आणि या वेळी पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडू नये इतकी कंबर स्थिर हवी. याने कंबरेवर फार भार न येता आधार देणारे स्नायू तयार होतात. शक्य असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टकडून बरोबर करताय ना ते बघून घ्या, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्येही हा विभाग असतो. सिट-अप, पायाचे अंगठे धरणं आणि सूर्यनमस्कार इतक्यात नको. सकाळी उठल्यावर पहिला तासभर खोल वाकायचं टाळा, रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा वाकण्याचा ताण जास्त पडतो.

५. एमआरआयच्या रिपोर्टने हबकू नका

"मणक्यात गॅप आहे", "गादी सरकलीये" हे शब्द ऐकले की माणूस मनाने खचतो, मग पिशवी उचलत नाही, लेकराला घेत नाही, आणि ही भीतीच दुखणं लांबवते. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून बघितलं, त्यात पाठीचं काहीही दुखणं नसलेली ३,११० माणसं होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के! म्हणजे रिपोर्टमधलं सगळं दुखण्याचं कारण असेलच असं नाही. धोक्याच्या खुणा नसतील, पायाचं बळ शाबूत असेल तर एमआरआय काढायला सहा आठवडे थांबायला हरकत नसते. बाहेर आलेली गादीही बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसते. ऑपरेशन कधीच नको असं मी म्हणत नाही, पायातली कळ जगू देत नसेल तर त्याने लवकर सुटका होते, पण ते घाईत ठरवायचं नाही आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचंच. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता बांधलात तर ठीक, दिवसभर नको, डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीत सरसकट पट्टा आणि वजन लावून ताण देणं नको असंच सांगितलंय.

६. परत कामाला लागताना

पूर्ण दुखायचं थांबेपर्यंत थांबू नका, अर्ध्या कामाने सुरुवात करा. ऑफिसवाल्यांनी अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चालावं. ओट्याशी उभं राहून पोळ्या करताना एक पाय खाली पाटावर ठेवा, मधेमधे बदला, कंबरेचा ताण लगेच कमी झालेला कळतो. लादी बसून पुसणं बंद, लांब दांड्याचा मॉप घ्या. भरलेला घरगुती सिलेंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो उचलायचाच नाही, देणाऱ्यालाच जागेवर ठेवून द्यायला सांगा. इतर वजन उचलताना अंगाजवळ धरा, गुडघ्यात वाका आणि वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर नको. टू-व्हीलर शेवटी सुरू करा, आपल्या खड्ड्यांत प्रत्येक आदळा सरळ मणक्यात जातो.

घरच्यांना एक सांगते. घरातल्या बाईची कंबर धरली की ती दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला उभी असते, कारण कोणी भरणारंच नसतं. तिला हलायचं आहे हे खरं, पण हलणं वेगळं आणि हंडे वाहणं वेगळं, ते चार आठवडे बाकीच्यांनी वाहा. लावणीला, ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर सुट्टीच परवडत नाही, त्यांनी निदान मोळी लहान बांधावी आणि डोक्यावर चढवताना दुसऱ्याचा हात घ्यावा.

उसण पुन्हा भरते, हेही माहीत असू द्या, त्यात तुमचा दोष नाही. पण ती लांबवता येते. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये आला, सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. ज्यांना मार्गदर्शन देऊन चालायला लावलं त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा दुखायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांत तेच ११२ दिवसांत झालं. त्यांचं उद्दिष्ट होतं सहा महिन्यांत आठवड्याला पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत पोचायचं. बरं वाटायला लागलं की लोक नेमकं हेच सोडतात, तुम्ही सोडू नका, सोबतीला कोणी असेल तर उद्यापासूनच दोघं मिळून निघा.