बॅरल ब्लँकसाठी काडतूस निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत गनस्मिथकडून रायफल बांधून घेणारे नवखे नेमबाज स्वस्तात मिळाला म्हणून ब्लँक (आतून आट्या पाडलेली, पण काडतूस बसण्याची जागा अजून न कापलेली नळी) आधी घेतात आणि काडतूस मागाहून शोधतात. बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नळीचा व्यास जुळला की काम झाले, असे मानणे. ०.२२४ इंची ब्लँकमध्ये .२२३ रेमिंग्टन या काडतुसाचे चेंबर, म्हणजे ते बसण्याची जागा, सहज कापता येते. परंतु गोळीला फिरवणाऱ्या आतील आट्यांचा एक फेरा १४ इंचांत पूर्ण होत असेल, तर ५५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) आखूड गोळी स्थिर राहते आणि ७७ ग्रेनची लांब गोळी डगमगते. तिला ८ इंचांत एक फेरा लागतो. आमच्या रेंजवर एका तरुणाने नेमकी हीच जोडी जमवली होती. कागदावर गोल छिद्रांऐवजी आडव्या गोळीच्या आकाराच्या लांबट चिरा उमटत होत्या, आणि तो दोष आधी दुर्बिणीला, मग स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) देत राहिला. नवी दुर्बीणही घेऊन झाली; फेरा मात्र त्याने मोजला नव्हता. घाईपुढे मोजमाप नकोसे होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९५५ साली आलेल्या .२४४ रेमिंग्टनचा फेरा १२ इंचांचा होता आणि १०० ग्रेनच्या लांब गोळ्यांना तो अपुरा ठरला. १९६३ साली तेच काडतूस ९ इंची फेऱ्यासह ६ मिमी रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणावे लागले.

म्हणून मी आधी गोळी ठरवतो, तिचे वजन नव्हे तर लांबी पाहतो, मग फेरा आणि शेवटी काडतूस. ब्लँकवर छापलेल्या आकड्यावरही मी विसंबत नाही. फिरत्या मुठीच्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून, गजावर खूण करून, तो एक पूर्ण वळसा घेईपर्यंत किती इंच आत गेला हे मोजतो.

बोल्टचे, म्हणजे काडतूस मागून अडवणाऱ्या दांड्याचे, तोंडही पाहावे : .२२३ च्या बुडाचा व्यास ०.३७८ इंच, तर .३०८ विंचेस्टरच्या बुडाचा ०.४७३ इंच असतो. काडतूस मॅगझिनमध्ये मावते का, तेही तपासावे. बारीक नळीमागे दारूचा मोठा साठा असलेली काडतुसे नळीचा घसा, म्हणजे चेंबरपुढे आट्या सुरू होतात तो भाग, लवकर जाळतात.

भारतात असे काम शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्याशिवाय करता येत नाही. अमेरिकेतही चेंबर कापणे मी अनुभवी गनस्मिथवरच सोपवतो आणि ब्लँकसोबत दारू व ठिणगी देणारी टोपी नसलेले, हव्या त्या लांबीचे नमुना काडतूस देतो, कारण घसा किती खोल ठेवायचा हे त्याला त्यावरूनच कळते.