होम थिएटरला वेगळा ॲम्प्लिफायर हवा का? आधी हा हिशेब मांडा

रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज आणि ताकद पुरवणारा मुख्य डबा, फिरवून मागची बाजू बघा. ‘प्री-आउट’ (ताकद न वाढवलेला आवाजाचा सिग्नल बाहेर देणारे) लिहिलेले सॉकेट नसतील, तर वेगळा ॲम्प्लिफायर सरळ जोडताच येत नाही. असतील तर पुढे वाचा.

सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या स्पीकरकडे, जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. खर्जाचा भार सबवूफरवर जातो आणि सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. ‘आवाजात दम नाही’ ही अनेकांची तक्रार इथेच मिटते.

आता वॅटचा हिशेब. मी नेमका इथेच अडकलो होतो. १०० वॅटच्या रिसीव्हरला २०० वॅटचा ॲम्प्लिफायर जोडला आणि एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावून ऐकला. फरक जेमतेम! कारण वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ‘जास्त वॅट घ्या, आवाज खुलतो’ असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा.

ती स्पीकरच्या माहितीपत्रकात असते: १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. समजा ८८ आहे आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात, भिंतींमुळे तीनेक परत मिळतात; राहिले साडेएक्याऐंशी. धमाक्याच्या क्षणी १०० डेसिबल हवेत, तर ७० वॅटच्या आसपास पुरतात. बऱ्या रिसीव्हरला हे जमतं. तेच ८४ डेसिबलचे स्पीकर ४ मीटरवरून ऐकायचे, तर ३०० च्या वर वॅट लागतात. इथे वेगळा ॲम्प्लिफायर घ्याच.

रिसीव्हरचे वॅट मात्र खोक्यावरून घेऊ नका. तो आकडा बऱ्याचदा एकच चॅनेल (एका स्पीकरची वाट) चालवून, १ किलोहर्ट्झला, आवाजातली १० टक्के विकृती चालवून घेत काढलेला असतो. माहितीपुस्तिकेत ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनेल’ असं लिहिलेला आकडा शोधा आणि पाच-सात चॅनेल एकदम चालले की तोही उतरतो, हे धरून चाला.

ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. ४ ओहमच्या स्पीकरचं प्रकरण वेगळं. ते ८ ओहमच्या स्पीकरच्या दुप्पट करंट ओढतात. मोठ्या आवाजात रिसीव्हरचं झाकण चटका बसण्याइतकं तापत असेल, पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ येऊन तो बंद पडत असेल आणि तारा कुठे एकमेकींना टेकलेल्या नसतील, तर हिशेब न करताही उत्तर मिळालं: वेगळा ॲम्प्लिफायर हवा. मेन्यूतला ‘४ ओहम’चा पर्याय हा त्यावरचा इलाज नव्हे; तो बहुतेक रिसीव्हरमध्ये व्होल्टेज कमी करतो, ताकद आणखी घटते.

घ्यायचाच तर पुढच्या तीन स्पीकरपुरता घ्या. मागचे रिसीव्हर आरामात सांभाळतो. जोडणी झाली की मायक्रोफोन लावून कॅलिब्रेशन (स्पीकरच्या पातळ्या जुळवणं) पुन्हा करा. ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण) वेगळा असल्याने जुनी पातळी चुकते. चालू करताना ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.