एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला नवीन लागलात? आधी आउटलुकमध्ये माउस सोडायला शिका

बीकॉम झाल्यावर मी नवी मुंबईत एका फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला लागले. या कामाबद्दल कॉलेजात कोणी काही सांगत नाही म्हणून थोडक्यात सांगते, न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या कंटेनरचे कागद सांभाळायचे. शिपरकडून (माल पाठवणाऱ्याकडून) एसआय, म्हणजे शिपिंग इन्स्ट्रक्शन घ्यायचं, ते लाइनला (जहाज कंपनीला) सबमिट करायचं, ड्राफ्ट बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग या मालाच्या पावतीचा मसुदा आला की शिपरकडून चेक करून घ्यायचा, करेक्शन असेल तर कटऑफच्या (लाइनने दिलेल्या शेवटच्या वेळेच्या) आत परत लाइनला कळवायचं, व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन, गेलं की नाही ते बघायचं, कारण २०१६ च्या जुलैपासून भरलेल्या कंटेनरचं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढतच नाही. आणि हे सगळं मेलवर, आमच्याकडे आउटलुकमध्ये. फोन होतात पण फोनवर झालेलं पण शेवटी मेलवर लिहून लागतं.

पहिल्या महिन्यात मी रोज सातला निघायचे आणि इनबॉक्समध्ये न वाचलेले मेल तसेच. माझ्या बाजूला बसायच्या त्या ताई साडेपाचला मोकळ्या, आणि फाइली माझ्यापेक्षा जास्त. एक दिवस मी नुसतं त्यांच्या हाताकडे बघत बसले. माउसला हातच नाही! मेल उघडला, वाचला, उत्तर दिलं, फोल्डरला टाकला, पुढचा. मला वाटायचं त्या फास्ट टाइप करतात, तसं नव्हतं, टायपिंग माझं पण चांगलं होतं. फरक असा की मी मेल वाचायचे, मग माउस घेऊन कुठे क्लिक करायचं ते शोधायचे, तेवढ्यात दुसरा मेल यायचा आणि मी तिकडे बघायला जायचे, पहिला अर्धवट राहायचा. त्या मात्र एका मेलचा निकाल लावल्याशिवाय पुढच्यावर जायच्याच नाहीत. कीबोर्ड शॉर्टकटचा खरा फायदा हा आहे असं माझं ठाम मत आहे, सेकंद वाचतात ते वेगळं.

आता मी सांगतेय ते विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकचं, आमच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी तेच दिसतं.

सगळ्यात आधी रिप्लाय. कंट्रोल आर म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला उत्तर, कंट्रोल शिफ्ट आर म्हणजे रिप्लाय ऑल. हे दोन्ही बोटांत वेगवेगळे बसलेच पाहिजेत, कारण माझ्याकडून इथेच मोठी चूक झाली. शिपरने नोटिफाय पार्टीचा (माल पोचल्याचं ज्यांना कळवायचं त्यांचा) पत्ता बदलून पाठवला होता, सीसीमध्ये सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) आणि लाइनचा डेस्क दोघं होते. मी घाईत कंट्रोल आर दाबून "नोटेड, प्लीज अमेंड" लिहून पाठवलं आणि ते गेलं फक्त शिपरला. लाइनला काही कळलंच नाही, कटऑफ होऊन गेला, मग बीएल अमेंडमेंटचे चार्जेस लागले आणि ते कोणी भरायचे यावर दोन दिवस मेलामेली. तेव्हापासून मी पाठवायच्या आधी टू आणि सीसीची ओळ वाचतेच वाचते, कितीही घाई असली तरी.

दुसरी गोष्ट कंट्रोल एफ. एक्सेलमध्ये, ब्राउझरमध्ये, सगळीकडे त्याने शोधता येतं पण आउटलुकमध्ये त्याने मेल फॉरवर्ड होतो. नवीन माणूस लांबलचक मेलमध्ये कंटेनर नंबर शोधायला कंट्रोल एफ दाबतो आणि फॉरवर्डची खिडकी उघडते, गोंधळून जातो. उघडलेल्या मेलच्या आत शोधायचं असेल तर एफ फोर. आणि अख्ख्या इनबॉक्समध्ये शोधायचं तर कंट्रोल ई, कर्सर सर्चच्या डब्यात जातो, तिथे कंटेनर नंबर टाकायचा, चार अक्षरं आणि सात आकडे, मध्ये स्पेस न देता. कोणी स्पेस देऊन लिहिलेला असेल तर सापडत नाही कधीकधी, तेव्हा नुसते आकडे टाकून बघा. फक्त अटॅचमेंटवालेच मेल हवे असतील तर आधी हॅजअटॅचमेंट्स, मग कोलन आणि यस, असं इंग्रजीत लिहायचं. ड्राफ्ट बीएल शोधताना हे फार कामाला येतं.

मेल पाठवायला कंट्रोल एंटर. पहिल्यांदा दाबलं की आउटलुक विचारतं की हे सेंडसाठी वापरायचं का, हो म्हणा, पण एक सवय लावा. वर्डमध्ये हेच दाबलं की नवीन पान येतं, तर ज्यांचा हात तिकडे बसलाय त्यांचा अर्धा मेल निघून जाऊ शकतो. म्हणून नवीन मेल लिहिताना टूमध्ये पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा, पत्ताच नसेल तर मेल जाणार कुठे. शिवाय रूल्समध्ये जाऊन पाठवलेला मेल एक-दोन मिनिटं थांबवून ठेवायचा रूल लावता येतो, तो मी लावलाय. अटॅचमेंट राहिली हे आपल्याला पाठवल्यावरच आठवतं ना, तेवढ्यात आउटबॉक्समधून परत उघडून जोडता येते.

फोल्डरला टाकायला कंट्रोल शिफ्ट व्ही, यादी उघडते, फोल्डरच्या नावाची पहिली अक्षरं टाइप करायची आणि एंटर. मी फोल्डर व्हेसलप्रमाणे (जहाजाप्रमाणे) ठेवते, शिपरप्रमाणे नाही, कारण कटऑफ व्हेसलचा असतो. ज्यावर आज काही करायचंय त्या मेलवर इन्सर्ट दाबायचं, झेंडा लागतो, काम झालं की परत इन्सर्ट, मग बरोबरची खूण येते. दुपारी चारला मी फक्त झेंडेवाले बघते. आणि मेलची यादी समोर असताना बॅकस्पेस दाबू नका, मेल आर्काइव्हला जातो. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाचा शिपरचा मेल असाच गायब झाला होता, बिचारा घामाघूम, शेवटी आर्काइव्ह फोल्डरमध्ये निघाला. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल झेड.

शिकायचं कसं तर यादी डाउनलोड करून पाठ करायला बसू नका, मी तसं केलं आणि चौथ्या दिवशी सगळं विसरले. ताईंनी मला एकच सांगितलं, आठवड्याला दोन घे, छोट्या कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटव आणि ते काम माउसने करायचंच नाही, वेळ लागला तरी. पहिला आठवडा मी उलट स्लो झाले होते, साहेब पण बोलले. दुसऱ्या आठवड्यात हात आपोआप जायला लागला. दिवसातून शंभर वेळा जे करता तेच आधी घ्या, रिप्लाय ऑल, सेंड, फोल्डर, सर्च. कॅलेंडरसाठी कंट्रोल टू आणि परत मेलवर यायला कंट्रोल वन, हे नंतर सहज जमतं. क्विक स्टेप्स, म्हणजे एका शॉर्टकटवर दोन-तीन कामं एकदम, तर तीन-चार महिन्यांनी घ्या, एकदा आपल्या कामाची पद्धत बसली की. माझी पहिली क्विक स्टेप कंट्रोल शिफ्ट वनवर आहे, मेल वाचलेला होतो आणि "एसआय झालं" या फोल्डरला जातो, एवढंच.

ऑफिसने नवीन आउटलुक दिलं असेल तर आधी सेटिंग्जमध्ये जनरल, मग ॲक्सेसिबिलिटी बघा, तिथे कोणत्या प्रोग्रामचे शॉर्टकट वापरायचे ते निवडता येतं, आउटलुकचेच निवडलेत ना ते तपासा आणि मगच कागद चिकटवा.