मानवतावादी संस्थेत निःशस्त्रीकरणाचं पॉलिसीचं काम करायचंय? मग हे वाचा

निःशस्त्रीकरण म्हटलं की आपल्याकडे लगेच अणुबॉम्ब आठवतो, आणि त्यावर बोलणार कोण तर निवृत्त जनरल नाहीतर परराष्ट्र खात्यातले लोक. पण याच विषयात एक वेगळी नोकरी असते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती, नॉर्वेजियन पीपल्स एड, ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन अशा संस्थांमध्ये पॉलिसी ॲडव्हायझर असतात. लॉ किंवा डिफेन्स स्टडीज करणारी मुलं विचारत असतात की हे लोक दिवसभर करतात काय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सरकारचा सल्लागार बघतो की हे शस्त्र आपल्याकडे असलं तर देश किती सुरक्षित. तुम्ही बघायचं की ते वापरल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं आणि लढाई संपून दहा वर्षं झाल्यावर त्याच शेतात नांगर घालणाऱ्याचं काय होतं. बाकी सगळं काम या एका प्रश्नातून निघतं, आणि त्याचं उत्तर पुराव्यानिशी देता यायला लागतं, नुसत्या कळकळीने भागत नाही.

भूसुरुंगांचंच घ्या. पेशावर, क्वेट्टा, काबूल इथल्या रेड क्रॉसच्या हॉस्पिटलमधल्या सर्जननी अफगाण जखमींच्या नोंदी ठेवल्या. पाय तर जातोच, पण माती, चपलेचे तुकडे, हाडाचे तुकडे वर मांडीपर्यंत घुसतात, मग एका माणसावर पुन्हा पुन्हा ऑपरेशन, रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या. या नोंदींमुळे भूसुरुंग हा फक्त सैन्याचा विषय राहिला नाही. १९९४ मध्ये रेड क्रॉसने उघडपणे बंदी मागितली. तेव्हा सैन्यवाले म्हणणारच की आम्हाला याशिवाय चालत नाही, म्हणून १९९६ मध्ये रेड क्रॉसने एका निवृत्त ब्रिटिश ब्रिगेडियरकडून १९४० नंतरच्या २६ युद्धांचा अभ्यास करून घेतला, आणि निष्कर्ष असा की लष्करी फायदा सांगतात तेवढा होतच नाही, आणि जो होतो तो माणसांच्या नुकसानीपुढे फारच कमी. १९९७ ला व्यक्तिरोधी म्हणजे माणसांसाठी पेरलेल्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार झाला. त्यामागे जगभरच्या संघटनांची मोठी चळवळ होती, तिला त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. पण मला विचाराल तर यातून शिकायची गोष्ट म्हणजे डॉक्टर आणि सैनिक दोघांचं म्हणणं एकाच फाईलमध्ये आणणं. ते ज्याला जमतं त्याचं कोणीतरी ऐकतं.

दुसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. २००६ ला लेबनॉनमध्ये इस्रायलने प्रचंड क्लस्टर बॉम्ब (हवेत उघडून शेकडो छोटे बॉम्ब पसरवणारे) टाकले, बरेचसे तर युद्धाच्या शेवटच्या तीन दिवसांत. त्यात एम ८५ नावाचे छोटे बॉम्ब होते, न फुटल्यास आपोआप नष्ट होणारे, आणि दावा असा की न फुटता पडून राहण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत. तेव्हा बरेच देश म्हणत होते की चला, जुने खराब क्लस्टर बॉम्ब बंद करू, हे चांगले राहू देत. मग नॉर्वेजियन पीपल्स एड, नॉर्वेची सरकारी संरक्षण संशोधन संस्था आणि बॉम्ब निकामी करणारा एक तज्ज्ञ यांनी प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन मोजलं तर प्रमाण निघालं दहा टक्क्यांच्या आसपास! चाचणीच्या मैदानातला आकडा आणि ऑलिव्हच्या बागेतला आकडा वेगळा असतो हे तिथे सिद्ध झालं, आणि २००८ ला डब्लिनमध्ये क्लस्टर बॉम्बवर बंदीचा जो करार झाला त्यात ‘न फुटता राहण्याचं प्रमाण कमी असलेले चालतील’ ही पळवाट राहिली नाही. म्हणून कंपनीचं माहितीपत्रक वाचून मत बनवू नका, सुरुंग काढणाऱ्या टीमशी बोला, त्यांच्या नोंदवह्या मागा.

मग येतो कराराचा किंवा जाहीरनाम्याचा मसुदा. तुमचा निम्मा वेळ शब्दांवर जाणार हे धरून चाला. शहरांमध्ये मोठे स्फोटक बॉम्ब वापरण्याबद्दल २०२२ ला डब्लिनमध्ये एक राजकीय जाहीरनामा झाला, त्यात अशा वापरावर मर्यादा घालू किंवा तो टाळू, ‘योग्य असेल तसं’, असं काहीसं येतं. संस्थांना ‘टाळू’ ठळक हवं होतं, मोठ्या सैन्यांना ‘मर्यादा’ हवी होती, शेवटी दोन्ही राहिलं. बाहेरच्याला वाटेल एवढ्यासाठी एवढी भांडणं? पण पुढे एखाद्या सैन्याचं मॅन्युअल बदलताना हेच वाक्य समोर ठेवलं जातं. त्यामुळे आपली सूचना कायम तयार वाक्यात द्या, कुठलं कलम, कुठला परिच्छेद, जुनं काय नवं काय. ‘अधिक कडक भाषा हवी’ असं म्हणून बसलात तर राजदूत मान हलवतील आणि विसरतील.

आणि एकमताचा नियम नीट समजून घ्या. जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांवरच्या १९८० च्या कराराखाली जी चर्चा चालते तिथे एक देशही अडून बसला तर सगळं थांबतं. भूसुरुंग आणि क्लस्टर बॉम्बचे करार याच कारणाने बाहेर वेगळे झाले. स्वयंचलित शस्त्रांचा, म्हणजे माणसाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या शस्त्रांचा विषय आत्ता त्याच वळणावर आहे. भारताची भूमिका अशी की चर्चा जिनिव्हातच राहावी, २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या याच विषयावरच्या ठरावाच्या विरोधात आपण मतही दिलं. तुम्ही भारतीय असलात तरी संस्थेत बसून भारताची वकिली करायची नाही आणि टीकेचं नाटकही करायचं नाही. रेड क्रॉससारख्या ठिकाणी तटस्थपणा हाच तर आधार आहे, आत तुरुंगात, हॉस्पिटलमध्ये जाऊ देतात ते त्याच्यामुळे, म्हणून जे बघितलं ते सगळंच जाहीर बोलता येत नाही. ज्यांना उघड बोलायचंय त्यांनी प्रचार करणाऱ्या संघटना निवडाव्यात, तेही तितकंच गरजेचं काम आहे.

तयारी इथूनही करता येते. गडचिरोलीतल्या भूसुरुंग स्फोटांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. त्यातली एक घ्या आणि ओटावा कराराची व्याख्या शेजारी ठेवा, माणूस असल्याने, जवळ आल्याने किंवा स्पर्शाने फुटतो तो व्यक्तिरोधी सुरुंग. मग लांबून वायरने उडवलेला त्यात बसतो का? नाही बसत. पायाखाली दाबून फुटणारा आयईडी, म्हणजे हाताने बनवलेला बॉम्ब? तो बसतो. भारत त्या करारात नाही, पण १९८० च्या करारात आणि त्याच्या भूसुरुंगांवरच्या सुधारित प्रोटोकॉलमध्ये (जोडकरारात) आहे, मग आपल्यावर काय बंधनं येतात? पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, अशा ठिकाणी उपचार घेतलेल्या जवानांच्या मुलाखती छापून आल्यात त्या शोधून वाचा.

मनाची तयारी पण हवी. २०२५ मध्ये लिथुआनिया क्लस्टर बॉम्बच्या करारातून बाहेर पडला, मग बाल्टिक देश, फिनलंड, पोलंड यांनी ओटावा करार सोडायचं ठरवलं, रशियाची भीती खरी आहे त्यांची. अशा वेळी त्यांना शिव्या घालून उपयोग नाही, १९९६ चा तो लष्करी अभ्यास आजच्या युद्धाला लावून दाखवावा लागतो, आणि तिथे जुनी उत्तरं पुरत नाहीत हे मला प्रामाणिकपणे वाटतं.

अर्ज करताना लेखनाचा नमुना मागतात. प्रबंधातलं प्रकरण पाठवू नका. वरच्या गडचिरोलीच्या प्रश्नावर दोन पानी टिपण लिहा, घाईत असलेल्या राजदूताला गाडीत वाचता येईल असं, आणि शेवटी एक वाक्य द्या जे त्याने सभागृहात जसंच्या तसं वाचावं. इंग्रजी तर लागतंच, फ्रेंच आत्तापासून सुरू करा.