आवडत्या ग्रुपची 'बेस्ट' गाणी पेनड्राइव्हवर कशी निवडावीत

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला निघालं की जांबोटीच्या पुढे रेंजचा भरवसा नसतो. ऑनलाइन गाणी मध्येच अडकतात, म्हणून पेनड्राइव्ह भरून ठेवलेला बरा.

आधी वेळ ठरवा, गाणी नंतर. ८० मिनिटं पुरेत. सीडीत तेवढीच मावतात, आणि मर्यादा असल्याशिवाय गाणी गाळायला हात होत नाही.

मग कंपनीने काढलेले संग्रह बघा. स्वीडनच्या ॲबा या ग्रुपच्या 'गोल्ड'मध्ये (१९९२) १९ गाणी आहेत, पण 'समर नाइट सिटी' नाही. ते पुढच्या वर्षीच्या 'मोर ॲबा गोल्ड'मध्ये दुसऱ्या पंगतीला बसवलं. माझ्या यादीत ते पहिल्या पंगतीत असतं.

चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीवर, सगळं सोपवू नका. बीटल्सच्या '१' (२०००) या संग्रहात इंग्लंड किंवा अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेली २७ गाणी आहेत. नियम चोख, पण त्यापायी 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' बाहेर राहिलं. १९६७च्या त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं 'पेनी लेन' अमेरिकेत पहिलं आलं, म्हणून आत! तेव्हा निम्मी गाणी चार्टवरून घ्या, निम्मी आपल्या कानावरून.

गाणं ठरलं तरी आवृत्ती तपासा. बीटल्सच्याच 'लेट इट बी'च्या सिंगलमधला (सुट्या गाण्याच्या रेकॉर्डमधला) आणि अल्बममधला गिटारचा तुकडा वेगळा आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. जो कानात बसलाय तोच घ्या.

क्रम लावताना सालवारी लागते असं नाही. 'गोल्ड' सुरू होतो १९७६च्या 'डान्सिंग क्वीन'ने आणि संपतो १९७४च्या 'वॉटर्लू'ने. संथ गाणी लागोपाठ नकोत. घाटातल्या वळणांवर गाडी चालवणाऱ्याला झोप आली, तर निवड गेली खड्ड्यात. यादी झाली की घरच्यांना एकदा ऐकवा, नाहीतर कणकुंबीजवळ मागच्या सीटवरून "ते गाणं कुठं गेलं गा?" हे ठरलेलंच.

फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्या. नुसता १, २ दिला, तर बऱ्याच स्टिरिओंवर १ नंतर थेट १० वाजतं. आणि जुना स्टिरिओ पेनड्राइव्ह वाचत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट-३२मध्ये (फाइली साठवायच्या एका जुन्या पद्धतीत) फॉरमॅट करून बघा. पण गाणी भरायच्या आधी, कारण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं.