कथाबीज कुठे शोधावे आणि कथाप्रकार कसा ठरवावा

रहस्यकथा लिहायची की विनोदी, हे आधी ठरवून मग विषयाच्या शोधात निघणाऱ्या नव्या लेखकाची बहुधा फसगत होते, कारण त्या प्रकारातल्या वाचलेल्या कथांचे सांगाडेच त्याच्या हाती लागतात. आधी बीज हाती घ्यावे, ते वाचताना वाचकाला कोणता प्रश्न छळावा हे ठरवावे, आणि त्या प्रश्नावरून कथाप्रकार निवडावा.

बीज शोधण्यासाठी वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशींचे पान पहिल्या पानापेक्षा अधिक उपयोगी असते. मोठ्या बातमीची गोष्ट बातमीदाराने आधीच सांगून टाकलेली असते. उलट मूळ खरेदीखत गहाळ झाल्याची किंवा मुलाशी संबंध तोडल्याची चार ओळींची नोटीस कारण सांगत नाही, आणि तिथेच लेखकाला शिरायला जागा मिळते. वहीत टिपण करताना 'हृदयद्रावक प्रसंग' असा शेरा न मारता कोण, कुठे, कोणता कागद, कोणते शब्द एवढेच लिहावे.

एक बीज घेऊन पाहू. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेलेल्या नातवाला सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एका अनोळखी बाईचे नाव दिसते. ही बाई कोण, हा प्रश्न पुढे ठेवला तर रहस्यकथा होते: तो जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वेळोवेळी झालेले बदल, काढत जातो आणि प्रत्येक फेरफारातून एकेक दुवा मिळतो. अशा कथेचा शेवट लेखकाला आधी ठाऊक असावा लागतो, आणि उलगड्याला लागणारा प्रत्येक दुवा वाचकाच्या डोळ्यांखालून आधीच गेलेला असावा लागतो. शेवटच्या पानावर अचानक सापडलेले पत्र ही वाचकाची सरळ फसवणूक आहे. ते नाव कमी कसे करायचे, हा प्रश्न घेतला तर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंतच्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला नवा सल्ला देणारे चुलते यांची विनोदी कथा होते. ते नाव तिथे का आले, असे विचारले तर आपण कुळकायद्याच्या काळात, कसणारी कुळे ज्या दिवशी कायद्याने जमिनीची मालक मानली गेली त्या 1 एप्रिल 1957 च्या आसपास जातो, आणि तेव्हाची बोली, खंडाचे, म्हणजे जमीन कसण्याच्या मोबदल्याचे, व्यवहार, मालक-कुळांतले ताण यांचा अभ्यास टळत नाही. आणि कधीच वारलेल्या त्या बाईची नोंद यंदाच्या पीकपाहणीत ताजी सापडली, तर गूढकथा.

'ग्रामीण कथा' या शब्दाने मात्र गोंधळून जाऊ नये. त्याने कथेचा परिसर कळतो, प्रश्न कळत नाही, त्यामुळे वरील चारही कथा ग्रामीण असू शकतात.

या चारांपैकी आपली कोणती, हे ठरवताना सध्या काय खपते यापेक्षा आपल्याला कशाची खोलवर माहिती आहे ते पाहावे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवलेली पहिली विज्ञानकथा कृष्णविवरावर होती, म्हणजे त्यांच्या रोजच्या अभ्यासाच्या प्रांतातली होती. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, त्यामुळे त्यांच्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडला नाही, हेही बरेच झाले. महसूल खात्यात काम केलेल्या माणसाने सातबाऱ्याची रहस्यकथा लिहिली, तर त्याला मिळणारे बारकावे इतरांना महिनाभर हिंडूनही मिळणार नाहीत.

तरीही निर्णय होत नसेल, तर एकाच बीजाचे पहिले पान दोन प्रकारांत लिहावे आणि दोन्ही पाने आठवडाभर बाजूला ठेवावीत. पुन्हा वाचताना ज्या पानानंतरचा प्रसंग आपोआप सुचू लागतो, तो प्रकार घ्यावा. दुसरे पान फाडू नये, त्यातले एखादे पात्र बहुधा पुढच्या कथेत उपयोगी पडते. दिवाळी अंकासाठी लिहायचे असेल, तर ही निवड उन्हाळ्यातच उरकावी, कारण बरेच संपादक पावसाळ्यात कथा मागवतात.