विंडसर्फिंगचा जुना बोर्ड की नवा? तुलना करताना या चुका टाळा

नवा तो भारी आणि जुना तो भंगार, या हिशोबानं विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावून पाण्यावर पळवायचा, बोर्ड घेणारे आपल्या कोल्हापुरात पण आहेत, मीही त्यातलाच होतो.

पहिली चूक म्हणजे नुसते लिटर (बोर्डाचं आकारमान) आणि लांबी बघणं. १९९६ ते २००४ ऑलिंपिकला जो चालला तो मिस्ट्रल वन डिझाइन ३७२ सेंमी लांब आणि जेमतेम ६३ सेंमी रुंद, २००८ ते २०२० ऑलिंपिकचा आरएस:एक्स २८६ लांब पण ९३ रुंद, आणि पॅरिस २०२४ चा आयक्यूफॉइल (खाली फॉइल, म्हणजे बोर्ड पाण्यावर उचलणारा पाण्यातला पंख असलेला) २२० लांब, ९५ रुंद. लांबी घटत गेली, रुंदी वाढत गेली, त्यामुळं जुन्या-नव्याचं वागणंच वेगळं. जुना कमी वाऱ्यात पण पाणी कापत गुमान जातो, पण पाय जरा कडेला पडला की कलंडतो. नव्या, बिनफॉइलच्या रुंद बोर्डावर उभं राहायला सोपं, पण प्लेनिंगला म्हणजे पाण्यावर उचलून पळायला दमदार वारा पाहिजे, नाहीतर परात ढकलल्यागत वाटतं. आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी झाडाचं पान हलत नाही, तिथं नव्याचं काय लोणचं घालायचं?

"निघालो तिथं परत येता येईना" ही तक्रार लई ऐकतो. तुमचं चुकत नाही असं नाही, पण बऱ्याचदा कारण एवढंच की बोर्डाला मधला डॅगरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची उभी फळी) नाही, मग हळू वाऱ्यात वारा नेईल तिकडं वाहत जायचं ठरलेलंच. उलट जुन्यावर वेग आल्यावर बोर्ड एका कडेवर उचलायला लागला तर डॅगरबोर्ड वर ओढून घ्या, तो खाली ठेवूनच पळवत असाल. आणि फॉइल किंवा लांब फिन (बोर्डाखालचा मागचा पर) रंकाळा तलावासारख्या जलपर्णीच्या पाण्यात डोक्यातनं काढून टाका.

आता माझी फजिती. गोव्यातनं जुना बोर्ड घेतला, विकणारा म्हणाला पंधरा किलो, आंबोलीमार्गे गाडीच्या टपावर बांधून आणला, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या काट्यावर ठेवला तर एकवीस! मास्ट (शिडाचा खांब) बसतो त्या खाचेजवळ बारीक चीर होती, आतल्या फोमनं पाणी पिलेलं. म्हणून काटा सोबत न्या, नाण्यानं ठोकून बघा, आवाज बद्द आला किंवा अंगठ्यानं दबलं की सोडून द्या. व्हेंटचा (आतली हवा बाहेर जायच्या भोकाचा) स्क्रू उन्हात उभ्या गाडीत सैल ठेवा, पाण्यात जाताना घट्ट करा, मी एकदा उलटं केलं.

सुटे भाग एकमेकांना बसतील असं गृहीत धरू नका, फिन बसायच्या खाचा (बॉक्स) वेगवेगळ्या, मास्टचा खालचा जोड पण दोन तऱ्हेचा. त्या जोडाची पिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळते, पण मास्ट आणि बोर्ड जोडणारा रबराचा जॉइंट जुनापुराणा वापरू नका, भर पाण्यात तुटला की शीड एकीकडं आणि तुम्ही एकीकडं.